काट्यावरचे देवरावकाका

दर रविवारी सकाळी आमच्या शेजारचे देवरावकाका गॅसचं सिलिंडर लिंबाच्या झाडाला टांगतात.

हे मी सरळच सांगून टाकते, कारण आडवळणानं सांगितलं तरी तुमचा विश्वास बसणार नाही. अंगणवाडीत लेकरांना झोळीत घालून वजन करतात ना, तसंच. फांदीला कापूस मोजायचा आकड्याचा काटा, काट्याला दोर, दोराला सिलिंडर. काका चष्मा कपाळावर सरकवून काट्याकडे बघतात, रिकाम्या टाकीचं वजन मनातल्या मनात वजा करतात आणि स्वयंपाकघराच्या खिडकीकडे तोंड करून निकाल लावतात, "या हप्त्यात जास्त जाळला वो! काय शिजवलं, हत्ती?"

आतून सुमनकाकूंचा आवाज येतो, "तुमच्या बहिणीले पुरणपोळी पाह्यजे होती. हत्ती स्वस्त पडला असता."

माझी पुण्याची नणंद पहिल्यांदा आमच्याकडे आली तेव्हा तिनं हा देखावा आमच्या गच्चीवरून पाहिला. पांढरीफटक होऊन खाली आली आणि म्हणाली, "वहिनी, तुमच्याकडे सिलिंडरला फाशी देतात का हो?" मी म्हटलं, "नाही गं बाई, नुसती तारीख असते."

मी ज्योती. मारेगावात आमचं आणि काकांचं घर भिंतीला भिंत लागून. मी ब्लाऊज शिवते, आमचे हे राजूरला कोळशाच्या खाणीत जातात. काका जिनिंगमध्ये काट्यावर होते. जन्मभर लोकांचा कापूस मोजला. रिटायर झाल्यावर कापूस सुटला, पण मोजणं काही सुटलं नाही. आता ते दिसेल ते मोजतात.

आमच्या घरचा महिना साधारण वीस तारखेलाच आटोपतो. पुढचे दिवस आम्ही शेजारधर्मावर काढतो. मी वाटी घेऊन साखर मागायला गेले की काका वाटीकडे असं बघतात, जसं पोलिसानं बिनानंबरच्या गाडीकडे बघावं. मग आतून छोटा तराजू निघतो. साखर तोलून देतात आणि परत घेतानाही तोलूनच घेतात. एकदा मी चिडून म्हटलं, "काका, वाटीभर साखरेचं काय एवढं?" तर म्हणाले, "पोरी, वाटी ज्याच्या त्याच्या मनासारखी असते. काटा कोणाचाच नसते." मी मुकाट्यानं साखर घेऊन आले आणि चहा जरा जास्तच गोड केला.

शिलाईवाली शेजारीण असणं म्हणजे काकांना लॉटरी. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याची कॉलर झिजली, मी उलटवून दिली. जुन्या माणसांत ही रीतच आहे, झिजलेली बाजू आत, नवी बाजू बाहेर. काही वर्षांनी दुसरी बाजूही झिजली. काका पुन्हा सदरा घेऊन हजर.

"काका, कॉलरले दोनच बाजू असतात."

"पाह्य नं एखादी," म्हणाले. अगदी गंभीरपणे. मी सदरा ठेवून घेतला आणि खालच्या पट्टीतलं कापड काढून नवी कॉलर लावून दिली. त्यावर त्यांचं म्हणणं असं की, बघितलीस की सापडते.

मोबाइलचं तर विचारूच नका. नागपूरला असलेल्या मुलानं, प्रशांतनं, महिनाभराचं रिचार्ज मारून दिलेलं, बोला कितीही. तरी काका मिस्ड कॉलच देणार. एक रिंग म्हणजे पोचलो. दोन म्हणजे निघालो, चहा ठेव. तीन म्हणजे मयतीवरून येऊन राह्यलो, अंघोळीचं पाणी तापव. मी म्हटलं, "काका, बोलणं फुकट आहे आता." तर म्हणाले, "फोन उचलला का माणूस बोलते. बोललं का काम निघते. काम निघालं का खर्च निघते." एकदा रेंजच्या भानगडीत दोनाच्या तीन झाल्या. काका बाजारातून चहाच्या आशेनं घरी आले, तर काकू दारातच गरम पाण्याची बादली घेऊन उभ्या. "तिथंच थांबा! कोण गेलं?" काका म्हणाले, "कोणी नाही, भोपळा आणला." पण पाणी तापलंच होतं. फुकट जाते नं! काकांनी दिवसातली दुसरी अंघोळ केली, मगच आत आले.

आमची गल्ली काकांवर पोट धरून हसते. हसणाऱ्यांत मीही पहिल्या रांगेत. आता गल्ली कशी, तर फ्रीज हप्त्यावर, टीव्ही हप्त्यावर, पोराची गाडी हप्त्यावर, आणि हप्ता चुकला की फोन बंद ठेवून माणूस शेतावर. वसुलीवाला आला की त्याला बसायला खुर्ची काकांकडूनच यायची, कारण आख्ख्या गल्लीत स्वतःच्या पैशाची खुर्ची त्यांचीच. तरी कंजूस कोण, तर देवरावकाका. बरं, म्हणायला काय जातं आपलं?

या सगळ्यात खरी कमाल सुमनकाकूंची. बाई काटक, तोंडाची तिखट आणि मनाची मोकळी. काका काट्यावर सिलिंडर चढवत आणि काकू काकांना शब्दांवर चढवत. वर्षाकाठी एकदा भांडण हाताबाहेर गेलं की काकू पिशवी भरून माहेरी, मुकुटबनला भावाकडे निघून जायच्या. आमच्याकडे रीत अशी की रुसून गेलेली बाई आपल्या पायानं परत येत नाही. नवऱ्यानं घ्यायला जावं लागतं. दोन दिवस तिथं बसावं, चार गोष्टी ऐकून घ्याव्या, मग बाई पिशवी उचलते. पण काकांवर ही पाळी कधी आलीच नाही. भाऊ बिचारा भला. आठ दिवस झाले की स्वतःच बहिणीला मोटरसायकलवर आणून सोडायचा. काका खुश. बायको परत आली आणि भाडंही नाही. पुढे तो भाऊ वारला आणि मुकुटबनचं दार बंद झालं. त्यानंतर काकू रुसायच्या त्या मागच्या खोलीपर्यंतच.

हे असंच चालत राहिलं असतं, पण यंदाचा उन्हाळा आला.

आमच्या भागातला उन्हाळा मी काय सांगू! दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. होळी झाली की घरोघरी कूलर खाली उतरतो. काकांचा नियम वेगळा. कूलर लागणार तो नवतपा लागल्यावरच. म्हणजे मे महिना संपत आला, रोहिणी लागल्या, की मगच. त्याआधी खिडकीला ओलं पोतं. "वाऱ्याले काय समजते, हा वाळा हाये का बारदाना?" असं त्यांचं शास्त्र. काकूंनी वर्षानुवर्षं पोत्यावर काढली. स्वतःसाठी कधी अक्षर बोलल्या नाहीत.

एप्रिलच्या एका दुपारी काकूंची लहानपणची मैत्रीण राजूरहून आली. किती वर्षांनी! काकूंनी मला हाक मारून माझ्याकडून बर्फ नेला, लिंबू पिळलं, नवी चादर अंथरली. मैत्रीण घामानं निथळून गेलेली. काकू म्हणाल्या, "अहो, तेवढा कूलर उतरवा नं माळ्यावरून. पाहुणी हाये."

काका पोत्यावर पाणी मारत होते. म्हणाले, "बाई किती वेळ बसतीन? कूलर काढालेच त्याहून जास्त वेळ लागते."

मैत्रीण बिचारी हसली. सरबत संपवलं आणि म्हणाली, "निघते सुमन, बस आहे." बस नव्हती. बस संध्याकाळी होती, हे गल्लीतल्या पोरालाही ठाऊक. काकूंनाही.

पाहुणी कोपऱ्यावरून वळली आणि काकूंनी पिशवी काढली. भांडल्या नाहीत. तेच वाईट. मी दारात आडवी झाले. म्हटलं, "काकू, कुठी चालल्या?" म्हणाल्या, "नागपूरले, प्रशांतकडे. जन्मात पहिल्यांदा मांगलं वो, तेही माह्यासाठी नाही." त्यांचा आवाज इतका साधा होता की मी दारातून बाजूला झाले.

आणि मागून काका ओट्यावर आले. मला वाटलं, आता तरी थांबवतील. तर मोठ्यानं काय म्हणावं या माणसानं? "अर्धं तिकीट मांगजो वो! बायायले अर्धं लागते!"

काकूंनी मागे वळूनही पाहिलं नाही.

पहिला आठवडा काका अगदी ऐटीत. रविवारी सिलिंडर टांगलं आणि आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, "पाह्य ज्योती, गॅस जसाच्या तसा!" मी खिडकी धाडकन लावून घेतली. दुसऱ्या आठवड्यात मात्र कूलर माळ्यावरून खाली आला. नवतपा लांब होता. मी कामं टाकून बघायला गेले. काकांनी जाळ्या धुतल्या, नवा वाळा भरला, पाणी ओतलं, बटण दाबलं. वारा सुटला. आणि काका त्याच्यासमोर न बसता दारात येऊन उभे राहिले.

"आता फोन करा काकूंना. मिस्ड कॉल नाही, फोन," मी म्हटलं.

"काय सांगू?"

"कूलर लावला म्हणा. घ्याले येतो म्हणा."

"घ्याले?" काका जरा विचारात पडले. मग एकदम हुशारी सुचल्यासारखे म्हणाले, "पंच्याहत्तरी लागाले काही महिनेच राह्यले. मंग एसटी फुकट. तवा जातो."

मी कपाळावर हात मारून घेतला. मायबाई! बायकोला आणायला फुकटच्या पासाची वाट पाहणारा नवरा तुम्ही कुठं पाहिला का? संध्याकाळपर्यंत ही गोष्ट मीच गल्लीभर केली. लोक हसून हसून बेजार. पानठेल्यावर तर काकांना बघितलं की विचारायचे, "काय काका, वाढदिवस कवा?"

काकूंना मी फोनवर हे सांगितलं नाही. पण कोणीतरी सांगितलंच असणार. आमच्या गावात बातमीला तिकीट लागत नाही.

मग काकांचं वागणं जरा विचित्र झालं. दुपारी भाजीची वाटी घेऊन माझ्या दारात येऊ लागले. काका! ज्यांनी कधी मिरचीही तोलल्याशिवाय दिली नाही, ते वांग्याची भाजी घेऊन! मी आधी घाबरले. म्हटलं, आता याच्या बदल्यात काय मागतात कोण जाणे. दोन दिवस झाले, तीन झाले, मागणं काही येईना. शेवटी विचारलंच. तर ओशाळून म्हणाले, "दोघाचंच केल्या जाते वो. हात ऐकत नाही."

मी भाजी खाल्ली. मीठ जास्त होतं. पण त्या दिवसापासून पानठेल्यावरचे विनोद मला नकोसे झाले.

आणखी एक म्हणजे, काका दर गुरुवारी गायब व्हायला लागले. पहाटेच्या वणीच्या गाडीनं जात, दिवेलागणीला परत येत. गल्लीनं आपापले तर्क लढवले. कोणी म्हणालं, वणीला भाजी स्वस्त मिळते. कोणी म्हणालं, कुठल्यातरी देवळात गुरुवारचा महाप्रसाद असतो, फुकटात जेवून येतात. मलाही हेच खरं वाटलं. काय करणार, माणसाचं नाव एकदा कंजूस पडलं की त्याच्या प्रत्येक पावलाला तेच कारण लागतं.

मे महिन्यात एका संध्याकाळी काकूंचा फोन आला. सुनेचे ब्लाऊज शिवायचे होते म्हणे. माप सांगून झालं, कापड सांगून झालं, तरी फोन ठेवेनात. मग हळूच म्हणाल्या, "ज्योती, तुहे काका लय वाळले वो."

"तुम्हाले कसं माहीत?"

मग म्हणाल्या, "दिसतात नं. खाली बसून राह्यतात."

मला काही उमगेना. खोदून विचारलं तेव्हा कळलं. प्रशांतचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. समोर करंजाचं झाड, झाडाखाली सिमेंटचा बाक. दर गुरुवारी काका त्या बाकावर येऊन बसतात. सोबत आणलेली भाकर खातात, शेजारच्या देवळातल्या नळावर पाणी पितात, दुपार कलली की उठून निघून जातात. वर येत नाहीत. हाक मारत नाहीत.

"आणि तुम्ही? तुम्ही खाली नाही गेल्या?"

"मी कायले जाऊ?" काकू फणकारल्या. "घ्याले थे आले हायेत का मी? वर यावं, दोन शब्द बोलावं. मी पिशवी भरूनच ठेवली हाये पहिल्या गुरुवारपासून." आणि त्यांचा आवाज एकदम फुटला. "उन्हात बसून राह्यते वो माणूस."

मी फोन ठेवला आणि तरातरा शेजारी गेले. माझा संताप अनावर झाला होता. काका अंगणात तांदूळ निवडत बसले होते. मी प्रस्तावना केलीच नाही. "काका, नागपूरपर्यंत जाता, मंग वर काहून नाही जात?"

काकांचा हात सुपातच थांबला. मग पुन्हा खडे वेचायला लागले. "वर गेलं का सून च्या ठेवते. जेवाले वाढते. फुकटचा खर्च त्यायले."

"काका!"

"लिफ्टची लाइट जाते कधीमधी."

"काका, खरं सांगा, नाहीतर मी आत्ता प्रशांतला फोन लावते."

काकांनी सूप खाली ठेवलं. इतकं म्हातारं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"गुरुवारी तुही काकू चादरी धुते," म्हणाले. "इथंही गुरुवारीच धुवे. तिथं गॅलरीत वाळू घालाले येते. तवा दिसते मले."

"मग वर जा नं. चला म्हणा."

"आन् नाही म्हणली त?" काका म्हणाले. "वर गेलो आन् थे नाही म्हणली, त मंग पुढच्या गुरुवारी मी कुठी जाऊ?"

माझ्या डोळ्यांत खळकन पाणी आलं. मी पदर तोंडाला लावून घरी आले. आमचे हे विचारत होते काय झालं म्हणून, मी त्यांना नुसतं हातानंच थांबा म्हटलं आणि काकूंना फोन लावला. काकांचं ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. काकूंनी तिकडे फोन ठेवला.

काकांना मी यातलं काही सांगितलं नाही. गुरुवारी पहाटे ते नेहमीप्रमाणे निघाले. दिवसभर माझं मशीनवर चित्त नव्हतं. एक बाही उलटी लावली, उसवली, पुन्हा उलटीच लावली.

दिवेलागणीला दोघंही आले. पिशवी काकांच्या हातात आणि काकू चार पावलं पुढे. गल्लीतले लोक ओट्यांवर उभे राहून बघत होते, पण वाढदिवसाचं कोणीही विचारलं नाही. काका सरळ आत गेले. काकू माझ्या दारात थांबल्या आणि मशीनशेजारच्या स्टुलावर बसल्या.

"मीच खाली गेली," म्हणाल्या. "सकाळीच जाऊन बाकावर बसली. आले थे. मले पाह्यलं त जागच्या जागी उभेच. मी म्हटलं, बसा नं. बसले. मंग म्हणतात कसे, चादरी नाही धुतल्या काय आज?"

"मग?"

"मी म्हटलं, नाही धुतल्या. घरी चालायचं हाये." काकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "त रडाले लागले वो. भर रस्त्यात. पोरंसोरं पाह्यत, येणारेजाणारे पाह्यत, याहिचं आपलं सुरूच. मी हात धरला त माह्या हाताले घट्ट धरून ठेवलं, गाडीतबी सोडलं नाही."

मी मशीनचं चाक धरून बसले होते.

"इतक्या वर्षांचा संसार झाला ज्योती," त्या म्हणाल्या, "आन् मले आजवर वाटे, या माणसाले फक्त पैसा जायाचंच भेव हाये."